नव्या जहाजावरची पंगत: जेवणाची वेळ कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याचं आठ जणांचं कुटुंब आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून भूमध्य समुद्रात सात रात्रींच्या क्रूझला निघालंय. बार्सिलोनाहून सुटणारं जहाज अगदी कोरं आहे, प्रवासी घ्यायला लागून तेव्हा जेमतेम महिना झालेला असेल. आई शिवराक म्हणजे शाकाहारी, त्यातून संकष्टी करणाऱ्या, आणि एक संकष्टी नेमकी सफरीत येते. वडिलांना मधुमेह, इन्सुलिन चालू. रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर घ्यायचं की ‘या हवं तेव्हा’ पद्धतीनं, असं कंपनी विचारतेय. शिवाय नव्या जहाजावर सगळा गोंधळ असतो असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का?

खरं आहे. आणि म्हणूनच ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल घ्या, तेही पहिल्या पंगतीचं. उत्तर एवढंच. पण का ते सांगायला हवं, कारण एजंट तुम्हाला बहुतेक उलटं सांगेल.

मी बावीस वर्षं बोटीवर काढली. असिस्टंट वेटर म्हणून चढलो, हेड वेटर म्हणून उतरलो, आता डिचोलीत घरी असतो. त्या बावीस वर्षांत तीन जहाजं शिपयार्डातून कोरी बाहेर पडताना पाहिली. तिन्ही वेळा जाण्याआधी वाटायचं की यंदा सगळं जुळून येईल. तिन्ही वेळा तिसऱ्या रात्री मी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, उभा राहून कपाळावर हात मारला.

आधी पद्धतींचं बोलू. क्रूझवरचं जुनं जेवण म्हणजे आपल्या देवळातली उत्सवाची पंगतच. दोन पंगती. पहिली सहाच्या सुमाराला, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. तुमचं पान ठरलेलं, शेजारी ठरलेला, आणि मुख्य म्हणजे वाढपी ठरलेला. वेळा अमेरिकी जहाजांच्या सांगतोय. भूमध्यात स्पॅनिश आणि इटालियन प्रवासी भरपूर असतात आणि त्यांचं जेवण उशिरा, म्हणून तिथली पहिली पंगत साडेसहा-सातला बसते आणि दुसरी नऊ वाजता, कधी त्याच्याही पुढे. ‘दुसरी घेऊ, आरामात जेवू’ असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. नऊला बसलात तर मुख्य ताट समोर येईपर्यंत पावणेदहा. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही.

मग २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइननं फ्रीस्टाइल म्हणून खानावळीची पद्धत आणली. कधीही या, कुठेही बसा, कुणाबरोबरही जेवा. लोकांना ती आवडली आणि हळूहळू बाकीच्यांनीही कुठल्या ना कुठल्या रूपात उचलली. डिस्नेनं त्याआधीच, १९९८ मध्ये डिस्ने मॅजिकवर, तिसरी वाट काढली होती: रोज रात्री दालन बदलायचं, पण वेटर तुमच्याबरोबर नव्या दालनात यायचा. मला विचाराल तर या धंद्यात निघालेली सर्वांत हुशार युक्ती तीच. भिंती बदला, पडदे बदला, माणूस बदलू नका.

याच्या अगदी उलट प्रयोग रॉयल कॅरिबियननं २०१४ च्या अखेरीस क्वांटम ऑफ द सीज या नव्या जहाजावर केला. एक मोठं जेवणाचं दालन मोडून त्याची चार वेगवेगळी रेस्टॉरंटं केली, दर रात्री हवं तिथे जागा राखायची. मी त्या जहाजावर नव्हतो, पण आमच्या क्रू मेसमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात, तेव्हा दुसरा विषय नसायचा. प्रवाशांना रोज आरक्षण करायचा कंटाळा, रोज नवा वेटर, रोज पुन्हा सांगा की मला शेंगदाणे चालत नाहीत. दोनेक वर्षांत कंपनी जुन्या पंगतीवर परतली. कागदावर चांगली असलेली पद्धत भरल्या जहाजावर कशी वागेल ते भरल्या जहाजावरच कळतं.

आता नव्या जहाजाचं खरं दुखणं. लोक म्हणतात, नवीन जहाज म्हणजे आचारी कच्चे असणार. तसं नसतं. नव्या जहाजावर कंपनी आपले निवडक आचारी पाठवते, स्वयंपाक बहुतेक वेळा उत्तम असतो. मोडतो तो गॅलीपासून टेबलापर्यंतचा रस्ता.

एक उदाहरण देतो. माझ्या दुसऱ्या नव्या जहाजावर गॅलीतून दालनात यायला दोन सरकती दारं होती, एक जायचं, एक यायचं. सेन्सरवर उघडायची. आमचा वेटर खांद्यावर मोठा ट्रे घेतो, त्यावर झाकणं घातलेल्या बारा प्लेटी, एकावर एक रचलेल्या. असा माणूस हळू चालतो. दार मात्र रिकाम्या हातांनी चालणाऱ्याच्या हिशेबानं लावलेलं, दोन सेकंदांत मिटायचं. पहिल्या रात्री तीन ट्रे गेले. त्यातला एक बदकाच्या मांसाचा होता, त्याचा आवाज अजून कानात आहे. दुसऱ्या रात्री आम्ही दाराला बटाट्याचं पोतं लावून ठेवलं. अर्ध्या तासात सुरक्षा अधिकारी आला. ते आगरोधक दार, त्याला अडसर घालणं म्हणजे गुन्हाच. पोतं उचलायला लावलं. मग पुढचे चार दिवस एक नवा पोरगा संध्याकाळभर फक्त त्या दाराशी उभा, हात पुढे करून सेन्सरला जागं ठेवत. शिपयार्डचा माणूस पाचव्या दिवशी आला, वेळ दोनची आठ सेकंद केली, दहा मिनिटांत निघून गेला. तोवर प्रवाशांच्या अभिप्रायात ‘सेवा अत्यंत संथ’ असं शेकड्यानं पडलं होतं.

असल्या बारीकसारीक गोष्टी. ऑर्डर घ्यायचं यंत्र एका खांबामागे सिग्नल धरत नाही, त्यामुळे त्या खांबाभोवतीच्या पंधरा टेबलांची ऑर्डर गॅलीत पोचतच नाही. गोड पदार्थांच्या चिठ्ठ्या सुपाच्या छपाईयंत्रावर निघतात. डिझायनरनं निवडलेली लंबगोल प्लेट दिसायला सुंदर, पण तिच्यावर झाकण बसत नाही, म्हणजे रचता येत नाही, म्हणजे बाराऐवजी सहाच नेता येतात, म्हणजे वेटरच्या फेऱ्या दुप्पट. तीच प्लेट भांडी धुण्याच्या यंत्राच्या जाळीतही बसत नाही. एसीचा झोत नेमका एका रांगेवर पडतो, तिथे बसलेल्यांचं सूप सगळ्यांच्या आधी गार. खुर्च्या एवढ्या जड आणि रुंद की पाठीला पाठ लागली की मधून ट्रे जात नाही. नकाशावर खुर्ची टेबलाच्या आत सरकवलेली असते आणि तिच्यात कुणी बसलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, आधी तालीम करत नाहीत का? करतात. प्रवासी यायच्या आधी काही आठवडे आम्ही शिपयार्डात असतो, डोक्यावर हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट, खोकी फोडतोय, खुर्च्यांचं प्लॅस्टिक सोलतोय. मग निम्मा क्रू पाहुणा होऊन बसतो आणि निम्मा वाढतो. पण क्रू दहा मिनिटांत जेवून उठतो. क्रू लहान मुलाची उंच खुर्ची मागत नाही, मासा परत पाठवत नाही, आजोबांचं औषध केबिनमध्ये राहिलं म्हणून अर्ध्यातून उठत नाही. तालमीत आम्ही नेहमी पास.

सामानाचा अंदाजही असाच. किती लागेल ते आधीच्या तशाच जहाजावरून काढतात. पण प्रवासी वेगळे, मोसम वेगळा. एकदा पाचव्या दिवशी केळी संपली आणि पार्स्निपची, म्हणजे पांढऱ्या गाजरासारख्या कंदाची, खोकी मात्र भिंतीसारखी उभी. आचाऱ्यानं पार्स्निपचं सूप केलं, पार्स्निपची भाजी केली, शेवटी आमच्या मेसमध्येही पार्स्निप. मडगावचा एक जुना तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस, तेव्हा म्हणाला होता, उद्या याचे लाडू वळतील.

या सगळ्या गोंधळात तुमची बाजू सांभाळू शकतो तो एकच माणूस, तुमचा वेटर. ‘या हवं तेव्हा’ पद्धतीत तो रोज वेगळा. त्याला दार कळलेलं नाही, यंत्र कळलेलं नाही आणि तुम्हीही कळलेले नाहीत. ठरलेल्या टेबलावर पहिल्या रात्री तुमचेही हाल होतील. पण दुसऱ्या रात्री त्याला माहीत असतं की आजोबांना बसल्याबसल्या ब्रेड हवा, आजींच्या पानात अंडं नको, आणि सहा नंबरच्या खुर्चीतल्या मुलाला साधा पास्ता दिला की घर शांत. तिसऱ्या रात्रीपासून तो तुमच्यासाठी गॅलीत भांडतो. जहाज नवं असलं तरी तुमचं टेबल तिसऱ्या दिवशी जुनं झालेलं असतं.

जुन्या जहाजावर मात्र मी असा हट्ट धरणार नाही. मुंबईहून आपल्या मुरगाव बंदराला येणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज १९९० सालचं आहे. अशा जहाजाच्या गॅलीतल्या वाटा कधीच्या मळलेल्या असतात, तिथे खानावळ पद्धतही खुशाल घ्या.

आता कामाच्या गोष्टी. आठ जणांची बुकिंगं बहुधा तीन-चार केबिनची वेगवेगळी असतील. ती एकमेकांना जोडलीत का, एकाच जेवणाच्या टेबलासाठी, हे आत्ताच एजंटकडून लेखी घ्या. जोडलेली नसली तर संगणक आईबाबांना खाली आणि तुम्हाला वरच्या मजल्यावर बसवेल, आणि पहिल्या संध्याकाळी मेत्र द’ओतेलसमोर, म्हणजे जेवणाच्या दालनाच्या प्रमुखासमोर, तुमच्यासारख्या शंभर जणांची रांग असेल. चढल्या दिवशी दुपारीच दालन शोधा आणि टेबल डोळ्यांनी बघून या. अगदी मागच्या टोकाला, जहाज ढकलणाऱ्या पंख्यांच्या वर असेल तर कंप जाणवतो, कॉफीच्या कपात गोल लाटा दिसतात. एसीच्या झोताखाली किंवा गॅलीच्या दाराशी असेल तर तेव्हाच बदलून मागा. पहिल्या दिवशी टेबल बदलणं सोपं, तिसऱ्या दिवशी अवघड.

त्याच दुपारी सगळे प्रवासी बॅगा घेऊन वरच्या डेकवरच्या बुफेवर तुटून पडतात. नव्या जहाजावर तर बघायलाच नको, निम्मे लोक ताटापेक्षा फोन वर धरून फिरत असतात. बऱ्याच जहाजांवर त्या दिवशी दुपारी मुख्य दालनही उघडं असतं, पण बोलून दाखवत नाहीत. चढताना विचारा. बसून, वाढून, शांतपणे जेवाल.

पैसे देऊन जेवायच्या खास रेस्टॉरंटात एखादी रात्र घालवायची असेल तर घरूनच जागा राखा आणि पहिली रात्र मागा, त्या दिवशी लोक दमलेले असतात. तेप्पनयाकी, म्हणजे समोरच्या तव्यावर करून देणारं जपानी जेवण, असेल तर नव्या जहाजावर तेच बरं: आचारी समोर, तवा समोर, गॅलीचं दार मध्ये येतच नाही. आईंना मात्र तिथे त्याच तव्यावरचं मासे-मटण दिसेल, ते आधी विचारून घ्या.

आईंच्या जेवणाचं. बुकिंगमध्ये फक्त ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. युरोपात त्यात अंडं आलं, चीज आलं, आणि समजुतीत घोळ झाला तर मासेही येतात. ‘इंडियन व्हेजिटेरियन, नो एग’ असं लिहा, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला गाठून सांगा. मोठ्या जहाजांवर गॅलीत बहुतेक वेळा भारतीय आचारी असतो. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ-भात-भाजी येते, आणि ती यादीतल्या पदार्थांपेक्षा चवीला सरस निघते, कारण ती करताना त्यालाही घरची आठवण येते. फक्त डाळ उत्तरेकडची असेल, आपल्या वरणाची अपेक्षा नको. सीलबंद लोणच्याची बाटली बॅगेत असू द्या; टेबलावर काढली म्हणून कुणी काही म्हणत नाही.

वडिलांचं: इन्सुलिनची वेळ आणि दोन देशांच्या घड्याळांतला फरक याबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. जहाजावर एवढं करा की ताट किंवा निदान ब्रेड समोर आल्याशिवाय जेवणाआधीची सुई टोचायची नाही. ‘सात वाजता बसतो म्हणजे सव्वासातला जेवतो’ हा हिशेब नव्या जहाजावर धरू नका. खिशात साखर हवीच.

पोटाची काळजी करणाऱ्यांसाठी थोडं. जेवण उशिरा येणं वेगळं आणि बाधणं वेगळं. आम्हा बोटीवरच्यांच्या लेखी सीडीसी म्हणजे डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्यानं दिलेलं खलाशाचं नोंदपुस्तक, पण अमेरिकी बंदरात सीडीसी म्हणजे त्यांचं आरोग्य खातं. त्यांचे तपासनीस न कळवता चढतात. आम्ही त्या तपासणीला ‘यूएसपीएच’ म्हणतो आणि ते नाव ऐकलं की मोठमोठ्या शेफांचा घसा कोरडा पडतो. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले की जहाज नापास. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसला किंवा वर, थंड ५ अंशांना किंवा खाली. मी जिथे जिथे काम केलं तिथे युरोपातही हेच आकडे धरायचो. नव्या जहाजाची गॅली चकाचक असते, तिथून त्रास सहसा येत नाही. येतो तो प्रवाशांच्या हातांतून, बुफेच्या चिमट्यांवरून. म्हणून कित्येक जहाजांवर पहिले दोन दिवस बुफेवर क्रू वाढतो, तुम्हाला चमचा हातात देत नाहीत. त्याचा राग मानू नका. आणि दाराशी ठेवलेल्या जेलवर विसंबू नका, उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरस या विषाणूला ते पुरत नाही, साबण-पाण्यानं हात धुवा.

तक्रार करायची तर दुसऱ्या दिवशी करा, शेवटच्या नव्हे. रिसेप्शनच्या रांगेत नको. हेड वेटरला दालनातच, शांतपणे. मला दुसऱ्या दिवशी सांगितलेली तक्रार मी सोडवू शकायचो, सातव्या दिवशी सांगितलेलीबद्दल फक्त माफी मागू शकायचो. आणि दाराच्या सेन्सरचा राग वेटरवर काढू नका. अमेरिकी कंपन्यांत माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क आपोआप लागतं. काही जण चिडून ते काढून टाकायला लावतात. ते पैसे कंपनीचे जात नाहीत, पोरांचे जातात. युरोपीय कंपन्यांत ते बऱ्याचदा तिकिटातच धरलेलं असतं, तुमच्या कागदावर बघा.

जहाज वेळेवर निघेल का, हेही विचारून ठेवा. तुमचं जहाज तोवर सुरू झालेलं असेल, त्यामुळे धोका कमी. पण नवं जहाज उशिरा येणं नवं नाही. नागासाकीत बांधलेलं एडाप्रिमा मार्च २०१५ मध्ये मिळायचं होतं, ते मार्च २०१६ मध्ये मिळालं. सिंगापूरच्या डिस्ने अ‍ॅडव्हेंचरची पहिली सफर १५ डिसेंबर २०२५ वरून १० मार्च २०२६ वर गेली. कंपनी क्रूझचे पैसे परत करते. मोपा विमानतळाहून काढलेल्या विमानाच्या तिकिटांचं काय होईल ते आपलं आपण बघायचं. बदलता येणारी तिकिटं थोडी महाग पडली तरी घ्या.

राहिली संकष्टी. साबुदाणा जहाजावर मिळणार नाही. फळं, दूध, दही, उकडलेले बटाटे, सुका मेवा हे दिवसभर मिळेल. अडचण चंद्रोदयाची आहे. उन्हाळ्यात तिकडे सूर्यच नऊला मावळतो, चतुर्थीचा चंद्र फार उशिरा उगवतो, आणि तोवर मुख्य दालन बंद झालेलं असतं. माझ्या टेबलावर एकदा पुण्याच्या एक आजी होत्या. मोबाइलमधलं पंचांग पुण्याची वेळ दाखवत होतं, आणि आम्ही होतो सार्डिनियाच्या जवळ. मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, फोन लावला. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला वाटलं काही आणीबाणी आहे. म्हटलं, चंद्र किती वाजता उगवतो तेवढं सांगा. नाविक पंचांगात ते असतंच. त्यानं दोन मिनिटांत मिनिटासकट सांगितलं, आणि कुठल्या बाजूच्या डेकवरून दिसेल तेही. आजींचं ताट आम्ही झाकून केबिनमध्ये पोचवलं. फक्त हे त्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या वेळी हेड वेटरला सांगून ठेवा. रात्री दहाला सांगितलंत तर गॅलीत भात उरलेला नसतो.